२.२ मीटरच्या आतला मासा कसा टिपायचा?

सिग्नलवाले काका, दौंड

नमस्कार मंडळी. प्रश्न माशांचा आहे, पण सुरुवात गुडघ्यापासून करावी लागेल.

रेल्वेच्या सिग्नल खात्यात ३१ वर्षं काढली. निवृत्तीच्या पैशातून निकॉनचा डी ७२०० कॅमेरा आणि लांबचे पक्षी टिपायला २००-५०० मिमीची लेन्स घेतली. सौ.चं म्हणणं, एवढ्यात पाटल्या झाल्या असत्या. झाल्या असत्या, खरंय. पण त्यानंतरचे सहा हिवाळे मी उजनी धरणाच्या काठी, भिगवणला, पक्ष्यांचे फोटो काढत घालवले. पहाटे पाचला गाडीला किक, साडेसहाच्या आत कुंभारगावचा काठ, आणि ऊन वर येईपर्यंत नावेत पालथा. लेन्सखाली घ्यायला जुन्या पँटचा पाय शिवून त्यात हरभरे भरले होते. दुसऱ्या पावसाळ्यात हरभऱ्यांना भुंगा लागला आणि रात्री कपाटातून करकर ऐकू यायला लागली. तेव्हापासून त्या उशीत प्लास्टिकचे मणी आहेत. (हे विषयाला सोडून झालं, पण कुणी हरभरे भरणार असेल तर आधीच सांगून ठेवतो.)

मार्चमध्ये उजवा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणाले, चाला, जिना चढा, सायकलसुद्धा मारा. पण मांडी नाही, उकिडवं नाही आणि डुलत्या नावेत चढउतार तर एक वर्ष मनातही आणू नका. म्हणजे यंदाचे पट्टकदंब हंस हुकले. रोहित, म्हणजे फ्लेमिंगोही, हुकले. मी गॅलरीतून समोरच्या तारेवरच्या वेड्या राघूचे इतके फोटो काढलेत की तो आता मला बघून तोंड फिरवतो.

त्यातच मुलाची चेन्नईला बदली झाली आणि त्यांची माशांची टाकी आमच्याकडे आली. तीन बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे १९० लिटरच्या आसपास पाणी. चार एंजल, दहा निऑन टेट्रा आणि तळाला एक काळा सकर. नात सात वर्षांची. तिने सगळ्यांची नावं ठेवलीत. एंजल चपटा म्हणून सगळ्यात मोठा तो ‘इस्त्री’, त्याच्या मागे मागे फिरणारी ‘कॉलर’, सकर ‘बटाटा’. रोज संध्याकाळी फोनवर हजेरी घेते. मोबाइलवर काढून पाठवले तर म्हणाली, “आजोबा, असे नाही. पक्ष्यांसारखे काढा.”

तर आता पक्ष्यांसारखे काढायला बसलो आहे आणि चार ठिकाणी अडलोय.

पहिलं, माझी लेन्स २.२ मीटरच्या आत फोकसच होत नाही. त्यामुळे टाकी दिवाणखान्यात आणि मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून. सौ.ला फोडणी टाकायची असेल तर मला उठावं लागतं. एवढं करूनही मासा धूसर येतो. डोळा शार्प मिळाला तर शेपटीचं धुकं. दुसरं, प्रत्येक फोटोत मी असतो. इस्त्रीच्या पोटात माझा पांढरा बनियन आणि मागची ट्यूबलाइट स्पष्ट दिसते. तिसरं, रंग. डोळ्यांना चांदीसारखा दिसणारा मासा फोटोत शेवाळी येतो. चौथं मला सगळ्यात छळतंय: सलग दहा फोटो काढले की त्यातले दोन-तीन काळपट. सेटिंग तेच, मासा तोच, टाकीवरची एलईडी तीच. वायरिंग दोनदा तपासलं, ठीक आहे.

जुनी १८-५५ ची किट लेन्स घरात आहे. एक फ्लॅशही आहे, पक्ष्यांवर मी तो कधी वापरला नाही. नवीन काही घेण्याची परवानगी मिळणार नाही.

आणि जाता जाता एक. आमच्या पक्षीवाल्या ग्रुपमधले एकजण हे ऐकून म्हणाले, “मग आता लग्नाच्याही ऑर्डरी घ्या.” हसलो मी. पण घरी आल्यावर ते थोडं लागलं.

काचघर, कुर्ला

काका, पहिले ती तोफ कपाटात ठेवा. वहिनींना फोडणी देऊ द्या.

तुमच्या २००-५०० मधून २.२ मीटरवरून मासा सेन्सरवर खऱ्या आकाराच्या एक-पंचमांशाहून जरासा मोठा पडतो. किट लेन्स ५५ वर ठेवून एक फुटावर जा, तिथे तोच मासा जवळजवळ एक-तृतीयांश मिळतो. म्हणजे फुकटातली लेन्स जास्त मोठा मासा देते. ५०० वर एफ ५.६ ठेवलं तर शार्प पट्टी जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाड, एंजल जरा वळला की शेपटी गेलीच. शिवाय लांबून तुम्ही नकळत तिरके बसता. काच आणि पाणी यांतून तिरकं पाहिलं की किरण वाकतात, रंग फाटतात, आणि महागातली महाग लेन्सही दळभद्री दिसते. काचेला काटकोनात राहा. मासा कोपऱ्यात गेला तर कॅमेरा वळवू नका, खुर्ची सरकवा.

तुमचा बनियन घालवायला लेन्सचं तोंड काचेला टेकवा. रबरी हूड मिळतं. नसेल तर सायकलच्या ट्यूबचा रुंद तुकडा लेन्सभोवती चढवा, काचेवर ओरखडा उठत नाही. खोलीतले दिवे बंद, टीव्ही बंद, अंगात काळा शर्ट. आणि काच पुसा. बाहेरून नव्हे, आतून. दौंडला बोअरचं पाणी असणार, वरच्या कडेला क्षारांचा पांढरा पट्टा बसला असेल. पाणी चार बोटं कमी करून फडक्यावर व्हिनेगर घेऊन घासा, नाही गेला तर ब्लेड तिरकं धरून खरवडा. फक्त कोपऱ्यातल्या सिलिकॉनला ब्लेड लावू नका, नाहीतर १९० लिटर पाणी खालच्या मजल्यावर.

रंगासाठी चिनीमातीची पांढरी बशी, नक्षी नसलेली, टाकीत मासे असतात तिथे उभी करा आणि तिच्यावरून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स सेट करा. साध्या काचेत लोह असतं, ती थोडी हिरवी झाक देतेच. त्यात स्वस्त एलईडीची भर.

काळपट फोटोंचं कारण तुम्ही सिग्नलवाले असून विचारताय? घरातली वीज ५० हर्ट्झची, काका. स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर सेकंदाला १०० वेळा मिचमिचतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. पक्ष्यांच्या सवयीने तुम्ही शटर १/१००० सेकंदावर ठेवलं असणार. एखादी फ्रेम नेमकी त्या मिटलेल्या पापणीत सापडते. १/१०० वर या, सगळ्या सारख्या येतील.

पण १/१०० ला पळता टेट्रा हलणार. तिथे फ्लॅश लागतो. कॅमेऱ्यावर लावू नका, काचेवरून सरळ परत येईल. टाकीच्या वर, झाकणाच्या जागी काच ठेवून तिच्यावर उपडा ठेवा, तोंड खाली. १/१६ शक्ती, एफ ८, आयएसओ २००, शटर १/२००. फ्लॅशचा झटका शटरपेक्षा कितीतरी छोटा असतो, मासा थिजतो. प्रकाश वरून आला की खवले जसे ओढ्यात दिसतात तसे दिसतात. तुमच्या कॅमेऱ्यातला उघडणारा छोटा फ्लॅश बाहेरच्या फ्लॅशला इशारा देऊ शकतो, मेनूत कमांडर मोड बघा.

फोटोच्या आधी पंधरा मिनिटं फिल्टर बंद करा म्हणजे कचरा खाली बसेल. आणि पुन्हा सुरू करायचा मोबाइलला गजर लावा. मी एकदा विसरलो. सकाळी उठलो तर सगळे वर येऊन तोंडं उघडी टाकून होते. वाचले, पण मी नंतर आठवडाभर त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

लग्नाच्या ऑर्डरीचं सोडा. जपानचे ताकाशी अमानो टाकीतली जंगलं रचायचे, भल्यामोठ्या फिल्म कॅमेऱ्यावर त्यांचे फोटो काढायचे आणि तोच माणूस खऱ्या रानातही तेच कॅमेरे घेऊन फिरायचा. २०१५ साली गेले. त्यांना कुणी ग्रुपमधून काढल्याचं ऐकलं नाही.

पळसपान, नागपूर

काका, तुमचे भिगवणचे फोटो मी पाहिलेत, आदर आहे. म्हणूनच स्पष्ट लिहितो.

टाकीतल्या माशाचा फोटो चांगला असू शकतो. पण त्याला ‘वाइल्डलाइफ’ म्हणू नका. फियाप, पीएसए आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या छायाचित्रकारांच्या मोठ्या संघटनांनी मिळून केलेली व्याख्या आहे. प्राणी मोकळा हवा, स्वतःच्या किंवा आपलंसं केलेल्या अधिवासात. प्राणिसंग्रहालय किंवा नियंत्रित परिस्थितीतला फोटो वाइल्डलाइफ विभागात चालत नाही. ‘नेचर’ हा विभाग त्याहून सैल आहे, पण माणसाने पैदास करून बनवलेले संकर आणि पाळीव प्राणी तिथेही बाद. तुमचे एंजल लांब झुलत्या परांचे असतील तर ते कारखान्यातले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मूळ एंजल चंदेरी, काळ्या पट्ट्यांचा असतो.

ताडोब्यात आम्ही वाघासाठी चार-चार सफारी रिकाम्या हाताने परत येतो. टाकीतला मासा कुठं जाणार आहे? वाट पाहणं नाही तिथे मजा काय?

सिग्नलवाले काका

काचघर, तुमचे उपकार. १/१०० ठेवलं आणि काळपट फोटो गायब. ३१ वर्षं रिले आणि करंट मोजले आणि हे सुचलं नाही, याची लाज वाटते.

पळसपान, राग नाही. ‘वाइल्डलाइफ’ मी म्हणणारही नाही, स्पर्धेला तर मी पक्षीही पाठवत नाही. पण मोकळ्या अधिवासाचं म्हणाल तर उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. त्याआधी भिगवणला हे पाणी नव्हतं, शेतं आणि गावं होती. पट्टकदंब हरभरा-गव्हाच्या रानात चरतात, शेतकरी शिव्या घालतो. घारीने सूर मारावा म्हणून नावाडी चिलापी फेकतो, आम्ही पन्नासजण एकाच वेळी बटण दाबतो आणि खाली लिहितो ‘जंगली’. मोठी टाकीच ती. काच नाही एवढंच.

वाट पाहण्याचं तुम्ही बरोबर बोललात की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. बघून सांगतो.

ओढ्याकाठची, भोर

काका, मी प्राणिशास्त्र शिकवते आणि सुट्टीत ओढ्यातले मासे टिपते. तुमच्या चर्चेत घुसते कारण तुम्ही भीमेच्या काठावर राहता आणि फोटो ॲमेझॉनच्या माशाचे काढताय, याचं मला हसू आलं. वाईट वाटून घेऊ नका.

कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी या दख्खनच्या पठारावर फिरला. १८३९ साली त्याने इथल्या माशांची वर्णनं छापली आणि शास्त्रीय नावात सरळ कोळ्यांनी सांगितलेली मराठी नावं घातली. मळ्याचं ‘गारा मुल्या’ झालं, शिंगटीचं ‘सींगटी’, शिंगाळ्याचं ‘सींघाला’, कोळसचं ‘कोलस’. नाकाडावर खाच असलेला नकटा आहे ना, त्याचं ‘नुक्ता’. जगात कुठेही या माशावर लिहायचं तर आपल्या कोळ्याचा शब्द लिहावा लागतो. मी हे वर्गात सांगते तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

मी यांचे फोटो टाकीतच काढते. आठ इंच लांब, सहा इंच उंच आणि आतून फक्त दोन इंच रुंद अशी काचेची पेटी काच कापणाऱ्याकडून करून घेतली. ओढ्याचंच पाणी, तळाला तिथलेच चार गोटे, मागे निळसर-करडा पुठ्ठा. मासा दोन इंचांतच फिरू शकतो, त्यामुळे फोकस सुटत नाही. पेटी सावलीत ठेवते, कोरडा हात माशाला लावत नाही, कारण अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की त्याला बुरशी धरते. पाच मिनिटं, मग जिथून घेतला त्याच डबक्यात परत. अभयारण्यात हे करायचं नाही, तिथे परवानगीशिवाय मासा उचलणं गुन्हा आहे.

मळ्या तळाला चिकटून बसतो, दगडावरचं शेवाळ खरडतो. त्याचा फोटो बघून पोरं विचारतात, “मॅडम, हा कुठला परदेशी?” तुमची नात चेन्नईत आहे. तिला सांगा, हा आजोबांच्या नदीतला आहे.

आणि बटाट्याबद्दल. तो सकर फूटभराच्या वर वाढतो. टाकी लहान पडली की लोक तळ्यात, धरणात सोडतात. कृपा करून तसं करू नका, कुणाला करूही देऊ नका.

सिग्नलवाले काका

बटाट्याचं वाचून उडालो. दोन वर्षांपूर्वी कुंभारगावला नावाड्याच्या जाळ्यात एक काटेरी काळा मासा अडकला होता. त्याने तो जाळ्यातून सोडवताना जाळं दोन ठिकाणी कापलं आणि माझ्यासमोर अशी शिवी दिली की इथे लिहिता येत नाही. मी तेव्हा त्याचा फोटोही काढला नाही, पक्षी नव्हता ना. आता जुनी कार्डं चाळून बघितली. कोपऱ्यात त्याची अर्धी शेपटी आली आहे. तो बटाटाच आहे.

आता इकडचा हिशेब देतो. जरा लांबेल.

सायकलची ट्यूब चढवली. खोलीत अंधार केला तरी स्वयंपाकघरातून उजेड यायचा, म्हणून घोंगडी काढली. आमच्या वडिलांची, धनगरी, काळी. ती टाकीच्या वरून सोडून मी आत, जुन्या फोटो स्टुडिओतल्या माणसासारखा. पहिल्या दिवशी सौ. चहा घेऊन आली आणि काही न बोलता तशीच परत गेली.

आणि मी डायरी ठेवली. पक्ष्यांची ठेवतो तशीच, वेळेसकट. पळसपानांनी विचारलं होतं ना, मासा कुठं जाणार आहे. कुठंच जात नाही, पण येतोही असं नाही. १८.०० ला दिवा लागतो. १८.१० पर्यंत टेट्रा मागच्या डाव्या कोपऱ्यात गोळा होऊन असतात, त्यांचा निळा पट्टा तेव्हा फिका, रात्रीच्या झोपेतून उठल्यासारखा. १८.२५ च्या सुमारास रंग भरतो. इस्त्री काचेच्या मधोमध येतो तो खाणं टाकायच्या आधी दहा मिनिटं, म्हणजे १८.५० ला, आणि तेव्हाच सगळे पर पूर्ण उघडतो. एकदा खाऊन झालं की मग तो पर मिटून मागे उभा राहतो आणि त्याच्याकडे कितीही कॅमेरे रोखा, ढिम्म. हे कळायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी १८.५१ ला जो फोटो आला तो नातीने तिच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकलाय.

पंधराव्या दिवशी डायरीत लिहिलं, ‘इस्त्री व कॉलर उरलेल्या दोघांना उजव्या कोपऱ्यात दाबतात. भांडण?’ सोळाव्या दिवशी, ‘दोघे फिल्टरच्या पाइपला तोंड घासतात. दिवसभर.’ सतराव्या दिवशी १७.४० ला पाइपवर अंडी. ओळीने, खालून वर, शिस्तीत. कॉलर एक ओळ लावून बाजूला व्हायची आणि इस्त्री त्याच ओळीवरून जायचा. मध-रंगाचे, मोहरीपेक्षा थोडे छोटे दाणे, काही शेकडा तरी असतील. मग दोघं आळीपाळीने पुढच्या परांनी वारा घालत बसले.

मंडळी, मला पुढचं लिहायला जड जातंय. इथे गेल्या वर्षी घरट्यांच्या फोटोंवरून मीच भांडलो होतो. स्वर्गीय नर्तक पक्ष्याच्या घरट्यासमोरची फांदी बाजूला बांधून फोटो काढणाऱ्याला मी इथे काय काय बोललो ते शोधलं तर सापडेल. आणि त्या दिवशी १९.३० ते २१.०० मी घोंगडीत बसून फ्लॅश मारत होतो. कार्डावर १४३ फोटो आहेत. त्यातले वीस-बावीस असे की मी आयुष्यात तसे काढले नाहीत. वारा घालणारा पर, त्याच्या मागे दाणे, प्रत्येक दाण्यात उजेडाचा ठिपका. इस्त्री तीन-चारदा काचेवर धडकायला आला. मला वाटलं काय रुबाब आहे, आणि तेही टिपलं. २२.०० ला सगळे दिवे बंद करून झोपलो.

सकाळी पाइप स्वच्छ होता. एकही दाणा नाही.

ते १४३ फोटो मी नातीला पाठवले नाहीत. इथेही टाकणार नाही. काढून टाकायला मात्र हात धजावत नाही, हेही सांगून ठेवतो. फांदी बांधणाऱ्यालाही असंच झालं असेल का, असं रात्री डोक्यात येतं.

काचघर, कुर्ला

काका, जरा दम घ्या. एंजलची नवी जोडी पहिल्या दोन-तीन खेपांना बऱ्याचदा स्वतःची अंडी खाते. माझ्याकडे एका जोडीने पाच वेळा खाल्ली आणि मी तेव्हा फ्लॅश सोडा, मोबाइलही काढला नव्हता.

फ्लॅश निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. तो काचेवर धडकला तो रुबाब नव्हता, तो तुम्हाला हाकलत होता. पण तुमची मोठी चूक मला वेगळीच दिसते. २२.०० ला तुम्ही मिट्ट अंधार केलात. जोडीला रात्री अंडी दिसली पाहिजेत, राखण तशीच होते. पैदास करणारे लोक खोलीत एक झिरोचा बल्ब रात्रभर ठेवतात.

दहा-पंधरा दिवसांत पुन्हा घालतील. पाइप घासायला लागले की समजा. घोंगडी आतापासून दूर ठेवा.

पळसपान, नागपूर

काका, वाट पाहण्याबद्दल जे लिहिलं ते मी मागे घेतो. वर्गवारीचं मागे घेत नाही.

फोटो काढून टाकू नका. कुणाला दाखवूही नका. माझ्याकडेही असं एक कार्ड आहे. टिटवीचं.

सिग्नलवाले काका

बारा दिवसांनी घातली. काल, १६.२० ला.

या वेळी फ्लॅश नाही, घोंगडी नाही. खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात, पूर्वीच्या जागी, तोफ मण्यांच्या उशीवर. टाकीचा नेहमीचा दिवा, आयएसओ ३२००, एफ ५.६, १/१००. सौ. दोनदा आली, दोनदा उठलो. एकूण चार फोटो काढले. तीन हलले. चौथ्यात दाणे धूसर आहेत, मासाही जरा हिरवट आहे कारण बशी टाकीत घालायची हिंमत झाली नाही, आणि वरच्या बाजूला ट्यूबलाइटची रेघ आली आहे. इस्त्रीने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

झिरोचा बल्ब लावला. रात्री दोनला उठून बघितलं, सकाळी सहाला बघितलं. बरीच आहेत. आठ-दहा पांढरी पडली होती, ती कॉलरने एकेक करून उचलून खाल्ली.

नातीला तो चौथा फोटो पाठवला. ती म्हणाली, “आजोबा, साबुदाणा का टाकलाय टाकीत?”

ओढ्याकाठच्या मॅडम, दोन इंची पेटीची काच किती जाडीची घ्यायची ते कळवा. इथल्या काचवाल्याला विचारून ठेवलंय. आणि काचघर, अंडी उद्या-परवा फुटतील असं वाचलं. पिल्लांना खायला काय द्यायचं? दौंडला ब्राइन श्रिम्पची अंडी कुठेच मिळत नाहीत. पुण्याहून येणाऱ्या गाडीच्या गार्डला सांगितलं तर आणून देईल, पण कुठली आणि किती आणायची ते आज रात्रीपर्यंत सांगा.